आधी पाट, मग नाव

अगं, परवा फोनवर घाईघाईत विचारलंस, "मावशी, ओचपोचमाकला इंग्रजीत काय लिहू?" आणि मला हसूच आलं. माझी पहिली फजिती त्याच शब्दानं केली होती. कोशात अर्थ सापडला 'त्रिकोण', मी 'ट्रँगल' लिहून मोकळी झाले. पाहुण्यानं दोन गरम त्रिकोण खाल्ले, तिसऱ्याला नको म्हणाला, असा झकास परिच्छेद तयार झाला. संपादकांनी समासात नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं. कोशाचा काही दोष नव्हता. भूमितीतल्या त्रिकोणालाही तातारमध्ये ओचपोचमाकच म्हणतात. ओच म्हणजे तीन, पोचमाक म्हणजे कोपरा.

आता तू तातार कथा इंग्रजीत न्यायला बसली आहेसच, तर माझ्या गाठोड्यातलं थोडं तुझ्या पदरात टाकते. यातली प्रत्येक चूक मी आधी करून ठेवलेली आहे, तुला नव्यानं करायचे कष्ट नकोत.

१. शब्द अडला की कोश उघडण्याआधी तो शब्द राहतो कुठे ते बघून ये — चुलीपाशी कळतं ते पानापाशी कळत नाही.

२. रशियातल्या कझानमध्ये, म्हणजे तातारांच्या राजधानीत, कुणी ओचपोचमाक करत असेल तर एकदा शेजारी उभी राहा — मांस, बटाटा, कांदा बारीक चिरून कच्चेच भरतात, माथ्यावर भोक ठेवतात आणि भट्टीत भाजत असतानाच त्या भोकातून चमचाभर रस्सा ओततात. हे पाहिल्यावर नुसतं 'पेस्ट्री' लिहायला हात धजत नाही.

३. 'तातार समोसा' लिहायचा मोह तुला होणारच, आवर — समोसा तळलेला, त्यातलं सारण आधी शिजवलेलं. वाचकाच्या जिभेवर एकदा चुकीची चव बसली की ती पुस्तकभर जात नाही.

४. शब्द पहिल्यांदा येतो तिथे तसाच ठेव आणि त्याच वाक्यात हळूच ओळख करून दे — 'आजीनं तीन कोपऱ्यांचा, आतून रश्शानं ओला ओचपोचमाक त्याच्यापुढे सरकवला' एवढं बास. पाहुण्याला आधी पाट, मग नाव, मग गावच्या चौकशा.

५. ओळख एकदाच करून द्यावी — दर पानावर दिलीस तर वाचकाला वाटतं, बाई आपल्याला विसराळू समजते.

६. तळटीप लोणच्याएवढी वाढ — माझ्या एका कथेत सात पानांना एकोणीस टिपा होत्या. ज्यांनी वाचली त्यांना टिपा आठवतात, कथा नाही.

७. चॅकचॅकला 'हनी केक' म्हणू नकोस — तळलेल्या पिठाचे तुकडे मधात घोळवून रचलेला तो ढीग लग्नात मानानं मांडतात, कझानच्या जुन्या तातार वस्तीत त्याचं संग्रहालयसुद्धा आहे. 'केक' म्हटलं की मध राहतो आणि मान जातो.

८. कोर्त हा शब्द दिसला की दोनदा बघ — गोबॅदिया नावाच्या थरांच्या गोल पदार्थात भात, अंडी, मनुकांबरोबर जो कोर्त घालतात तो आटवून सुकवलेल्या दुधाचा तांबूस चुरा; पण कोर्त म्हणजे किडाही, आणि बाल कोर्ती म्हणजे मधमाशी. गोबॅदियात किडे घालणारी मी काही पहिली नसेन.

९. 'आजीकडे उद्या आश आहे' याचं 'उद्या सूप आहे' करू नकोस — आश म्हणजे रस्सा खरा, पण कुराणपठण करून पाहुण्यांना जेवू घालतात त्या जेवणालाही आशच म्हणतात. सूप पिऊन कुणी दुआ मागत बसत नाही.

आता रशियनबद्दल. तुझं रशियन चांगलं आहे, म्हणूनच काळजी वाटते. दोन नद्या ओलांडून आणलेल्या घागरीत पाणी निम्मंच उरतं.

१०. तातार कथा रशियन भाषांतरावरून इंग्रजीत आणू नकोस, अडलीस तरच तिकडे डोकाव — रशियन भाषांतरकारानं जिथे शब्द गाळला तिथे काही गाळलंय हेच तुला कळणार नाही.

११. साबानतुयला 'पार्टी' म्हणू नकोस — रशियन बोलीत तो शब्द दंगामस्तीच्या बैठकीला वापरतात, तातार गावात मात्र साबान म्हणजे नांगर आणि तुय म्हणजे लग्न किंवा उत्सव. वसंतातल्या पेरण्या उरकल्या की जूनमध्ये मैदान भरतं (शब्दही मॅयदान), कमरेला टॉवेल गुंडाळून कुस्त्या होतात आणि जिंकणारा बातिर मेंढा खांद्यावर घेऊन घरी जातो.

१२. 'बाबाय' आला की आधी बोलणारा कोण ते पाहा — तातार घरात बाबाय म्हणजे आजोबा. रशियन घरात न झोपणाऱ्या पोरांना ज्याची भीती घालतात तो बागुलबुवाही बाबायच. आजोबांना बागुलबुवा करून ठेवलंस तर नातवंडं तुला माफ करणार नाहीत.

१३. इंग्रजीत 'टार्टर' लिहू नकोस, 'टाटर' लिही — मधला तो 'र' युरोपीय लोकांनी आपल्या नरकाच्या, टार्टारसच्या आठवणीनं चिकटवला असं मानतात. आणि इंग्रजीत टार्टर म्हणजे दातांवरचं कीटणही. तो शब्द दातांच्या डॉक्टरांनाच राहू दे.

१४. इंग्रजी स्पेलिंगची पद्धत पहिल्याच दिवशी ठरव आणि एका कागदावर लिहून टेबलाला चिकटव — तातारच्या सिरिलिकमध्ये रशियनपेक्षा सहा अक्षरं जास्त आहेत, रोज नव्यानं ठरवायला बसलीस तर एकाच माणसाची तीन नावं होतील. झाली आहेत.

१५. स्वतःच्या वहीत मात्र उच्चार देवनागरीतच टिपून ठेव — 'बॅट'मधला ॲ आपल्याकडे आहे, 'वाङ्मय'मधला ङ आहे. इंग्रजी अक्षरांकडे दोन्ही धड नाहीत.

१६. जुनं पुस्तक हाती आलं तर ते कधी छापलंय ते आधी बघ — १९२७ पर्यंत अरबी लिपी, मग १९३९ पर्यंत लॅटिन, त्यानंतर सिरिलिक. एकाच आजीचे तीन पोशाखातले फोटो आहेत असं समज आणि प्रत्येकात तिला ओळखायला शीक.

१७. गुझेल याखिना यांची झुलेखा नावाच्या तातार बाईवरची २०१५ची रशियन कादंबरी आणि लिसा हेडन यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी ठेवून पेन्सिल घेऊन वाच — त्या रशियनमध्ये तातार शब्द आधीच पाहुणे आहेत, पुढच्या घरी जाताना त्यांचं काय होतं ते दिसेल.

नातेवाईकांच्या बाबतीत मात्र तुझं नशीब थोर. मराठी घरात वाढलीस, त्यामुळे अर्धी परीक्षा जन्मतःच पास.

१८. आबिय आणि आपा इंग्रजीत 'अंकल', 'सिस्टर' करू नकोस, नावापुढे तसेच राहू देत — मोठा भाऊ, काका आणि शेजारचा वडीलधारा गृहस्थ, तिघेही आबिय. शाळेतल्या बाईंनाही नावापुढे आपा लावतात, आपण 'बाई' लावतो तसं.

१९. जिङगी म्हणजे वहिनी, जिझनी म्हणजे दाजी, कोदा म्हणजे व्याही, कोदागिय म्हणजे विहीणबाई — वहीत असंच लिहून ठेव. इंग्रजीत 'माझ्या सुनेचे वडील' असा रस्ता काढावा लागेल, पण निदान तो कुठे जातो हे तुला ठाऊक असेल.

२०. दोन-तीन नात्यांपुरते मूळ शब्द ठेव, बाकीच्यांना माणसाच्या नावानं हाक मार — मी एका लग्नाच्या कथेत सातही जणांना 'रिलेटिव्ह' केलं होतं. संपादकांनी विचारलं, भांडण नेमकं कोणाकोणाचं आहे?

२१. निकाह, तुय आणि सरकारी नोंदणी या तिन्हींसाठी एकच 'वेडिंग' वापरू नकोस — निकाह मुल्ला लावतो, तुय म्हणजे समारंभ, नोंदणी कचेरीत; कथेत या तिन्हींमध्ये महिन्याचं अंतर असू शकतं आणि सगळी गोष्ट त्या महिन्यातच घडू शकते.

२२. कियॅव पिलमॅने पाहिलंस की धोंडे आठव — लग्नाच्या वेळी मुलीकडचे जावयासाठी इवले इवले डंपलिंग करतात, आकार जितका लहान तितकी करणारीची वाहवा. अधिक महिन्यात जावयाला धोंडे वाढताना सासूच्या चेहऱ्यावर जे असतं ना, ते वाक्यात यायला हवं. 'मीट डंपलिंग' म्हटलं की सासू स्वयंपाकघरातच राहते.

मराठीत जुळं सापडण्यावरून आठवलं. ओमॅ हा शब्द मला दोन वर्षं छळत होता. गावातल्या एकाचं काम पडलं की सगळे हात लावतात, मजुरी कुणी घेत नाही, काम संपलं की जेवण. इंग्रजीत याला जुना एक शब्द आहे, 'बी', बायका गोधडी शिवायला जमत त्याला तो वापरत. म्हणून मी काझ ओमॅसेला 'गूज बी' लिहिलं आणि वाचणाऱ्यानं ती हंसावर बसणारी एखादी माशी समजली. थंडी पडली की पाळलेले हंस साफ करायला गावातल्या मुली एका घरी जमतात, पिसं काढलेले हंस कोयानतॅवर, म्हणजे आपल्या कावडीवर, लटकवून झऱ्यावर धुवायला नेतात, अकॉर्डियन वाजवत पोरं मागोमाग येतात, घरी हंसाच्या चरबीतली कोयमाक, म्हणजे धिरडी, तयार असतात. एक दिवस गावाकडच्या मामांशी फोनवर बोलताना ते सहज म्हणाले, "उद्या आपल्याकडे इर्जिक आहे." मी फोन ठेवला आणि वहीत एकच शब्द लिहिला.

२३. असा मराठी शब्द सापडला की वहीत ठेव, पण इंग्रजीत इर्जिक लिहू नकोस — तो तुझा दिवा आहे, वाचकाचा नाही. दिव्यानं वाट शोधावी, दिवाच पाहुण्याच्या हातात देऊ नये.

२४. कुङेलला 'हार्ट' की 'सोल' अशी ओढाताण करत बसू नकोस, आधी 'मन' घालून वाक्य वाच — कुङेलले म्हणजे मजेचं, कुङेलसेझ म्हणजे कंटाळवाणं किंवा उदास, कुङेल आचू म्हणजे मन रमवणं, शब्दशः मन उघडणं. वाक्य मराठीत उभं राहिलं की इंग्रजीत कुठे हार्ट, कुठे मूड, कुठे काहीच नको, हे आपोआप कळतं.

२५. सावाप म्हणजे पुण्य, 'गुड डीड' नव्हे — काम करणं वेगळं आणि त्याचं खात्यावर जमा होणं वेगळं.

२६. कुझ तियू म्हणजे दृष्ट लागणं, अक्षरशः डोळा स्पर्शणं — इंग्रजीत 'इव्हिल आय' नाम आहे पण क्रियापद लंगडं. तिथे थू थू करणारी आजी दाखव, शब्दाचं ओझं ती उचलेल.

२७. लोककथेत वाक्याच्या शेवटी येणारा 'दी' खाऊन टाकू नकोस — तो आपला 'म्हणे' आहे, 'एक म्हातारा होता म्हणे'. इंग्रजीत प्रत्येक वाक्याला लावता येत नाही, पण परिच्छेदात एकदा तरी ऐकू येऊ दे, नाहीतर गोष्ट सांगणारं माणूसच उठून जातं.

२८. आणि गोष्टीच्या सुरुवातीला 'बोरिन-बोरिन' आलं तर घाबरू नकोस — बोरिन म्हणजे नाक खरं, पण इथे 'फार फार पूर्वी'. पहिल्या वर्षी माझ्या राजाच्या राज्यात नाकांचा सुकाळ होता.

२९. ओळखीचे वाटणारे फारसी-अरबी शब्द पाहून हुरळू नकोस — किताप किताब आहे, शॅहॅर शहर आहे, पण 'आजोबांकडे माल पुष्कळ होता' म्हणजे बहुधा गोठा भरलेला होता. ओळखीचा चेहरा दिसला तरी नाव विचारावं.

३०. 'उल' म्हणजे तो, ती आणि ते, शिवाय मुलगाही. म्हणून पूर्ण कथा वाचल्याखेरीज पहिलं वाक्य लिहू नकोस — मी एका पात्राला बारा पानं इंग्रजीतलं 'ही', म्हणजे 'तो', म्हणत गेले आणि तेराव्या पानावर तो कालफाक नीट करायला आरशापुढे उभा राहिला. कालफाक बायकांचं शिरोभूषण, पुरुषांची ती तुबॅतॅय. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की मी दोन्हींना 'कॅप' लिहिणाऱ्यांतली नव्हते, नाहीतर चूक छापूनही गेली असती.

३१. गोष्टीतल्या भुताखेतांना इंग्रजी भुतांची नावं देऊ नकोस — सू आनासीला, म्हणजे पाण्यातल्या आईला, 'मर्मेड' केलंस की शेपटी चिकटली. गाब्दुल्ला तुकाय या कवीच्या कवितेतली सू आनासी चोरलेला कंगवा मागायला रात्री पोराच्या घरापर्यंत चालत येते. शेपटीवाल्या बाईनं यायचं कसं?

हा तुकाय उणीपुरी सव्वीस वर्षं जगला, १८८६ ते १९१३, आणि तातार भाषांतरकारांच्या पिढ्यांना काम देऊन गेला. त्याची १९०७ची 'शुरॅले' तू वाचलीच असशील. जंगलातला लांब बोटांचा शुरॅले माणसांना गुदगुल्या करून मारतो. लाकूड तोडायला आलेला तरुण त्याला आपलं नाव सांगतो बिलतिर, म्हणजे 'गेल्या वर्षी', आणि ओंडक्याच्या फटीत त्याची बोटं अडकवून निघून जातो. शुरॅले बोंबलतो, बिलतिरनं चिमटलं! भाईबंद जमतात आणि त्यालाच झापतात, गेल्या वर्षी चिमटलं तर आज कशाला ओरडतोस? सगळी गंमत एका शब्दाच्या दोन अर्थांत, आणि तातारमध्ये त्याला प्रत्ययही लागत नाही. मराठीत 'नं' लावला की गुपित फुटतं, तरी गुदस्ता हे नाव शोभलं असतं. इंग्रजीत 'लास्ट इयर' नाव ठेवून पहिली अक्षरं मोठी केली, तर डोळ्याला चालतं आणि कानाला नाही.

३२. अशा जागी कागदावर जमलेलं मोठ्यानं वाचून दाखव, शक्यतो लहान मुलाला — मूल हसलं नाही तर विनोद पोचलेला नाही. टीप देऊन मुलाला हसवता येत नाही.

३३. विनोद तिथे नाहीच जमला तर नाव तसंच ठेवून तरुणाच्या तोंडी अर्थ घाल आणि पुढे जा — एका ओळीपायी महिना घालवणाऱ्याची कविता पुरी होत नाही. हे मी स्वतःच्या महिन्यावरून सांगते.

राहता राहिला मोङ. यासाठी मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबले.

कझानला माझी घरमालकीण ॲबी, म्हणजे आजी, पीठ मळत होती, रेडिओवर इलहाम शाकिरोव गात होते. पाच सुरांची चाल, आपल्या भूपासारखी, पण प्रत्येक सुराला असा काही हेलकावा की सूर जागचा हलतोही आणि हलतही नाही. ॲबीचे हात थांबले. पिठाचे हात तसेच धरून ती गाणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. पुढचा गायक आला, आवाज चांगला भरदार. ती पुन्हा मळायला लागली आणि म्हणाली, "आवाज आहे, मोङ नाही."

३४. मोङला 'मेलंकली' म्हणू नकोस — मोङ असलेलं गाणं ऐकून माणूस दुःखी होतोच असं नाही, आणि दुःखी गाण्यात मोङ असतोच असंही नाही. आपल्या 'हुरहूर'च्या जवळ जातो, 'कातरवेळ'च्याही जातो, पण तिथे थांबत नाही.

३५. तो आवाजात असतो, संध्याकाळच्या वेळेत असतो, एखाद्या माणसात असतो. म्हणून दर वेळी वेगळा इंग्रजी शब्द वापरायचा मोह होईल — तसं केलंस तर कथेत आठ वेळा आलेला एकच धागा आठ तुकड्यांत तुटतो. शब्द तोच ठेव आणि पहिल्या वेळी एखाद्या बाईचे हात पिठात थांबव.

३६. संपादक म्हणतील, वाचकाला परका शब्द जड जाईल. वाद घालू नकोस, दोन्ही पद्धतींनी लिहिलेली पानं शेजारी ठेवून त्यांना वाचायला दे — एवढ्यावर माझ्या संपादकांचं मत दोनदा बदललं आहे. तिसऱ्यांदा नाही बदललं, तेव्हा त्यांचं बरोबर होतं.

३७. ज्या आजीला शब्द विचारायला जाशील तिच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस आणि वही लगेच काढू नकोस — चहा दूध घालूनच येईल, तुला घरच्यासारखा वाटेल. शब्द दुसऱ्या कपानंतर निघतात.

आता माझी एक अडचण. आउलाक ओय, म्हणजे आईवडील परगावी गेलेलं घर, जिथे हिवाळ्याच्या संध्याकाळी मुली भरतकाम घेऊन जमतात आणि थोड्या वेळानं पोरंही कारण काढून येतात. कोशात अर्थ 'एकांतातलं घर', आणि त्या घरात तर पाय ठेवायला जागा नसते. मी या शब्दाची सात इंग्रजी रूपं करून पाहिली, सातही खोडली. तुला जमलं तर कळव. रविवारी सकाळी मी घरीच असते.